कोणाचा जंतू, कोणाच्या काचेवर

कॉपलिन जार ही मुठीत मावेल एवढी काचेची उभी बरणी. तिच्या समोरासमोरच्या दोन भिंतींना आतून उभ्या खाचा असतात. ७५ मिलिमीटर लांब आणि २५ मिलिमीटर रुंद अशी सूक्ष्मदर्शकाची काचपट्टी त्या खाचेत सरकवली की ताठ उभी राहते. अशा पाच पट्ट्या बसतात. घाई असेल तर पाठीला पाठ लावून दहा. वरून पन्नासेक मिलिलिटर रंग ओतला, झाकण लावले, घड्याळ पाहिले की झाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फिलाडेल्फियातील कॉपलिन नावाच्या विकृतिशास्त्रज्ञाचे नाव तिला मिळाले आणि तेव्हापासून तिच्या घडणीत फारसा फरक पडलेला नाही. इतक्या साध्या, सोयीच्या वस्तूविषयी वर्तमानपत्रात लिहिण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारले तर प्रश्न रास्तच आहे. उत्तर एवढेच, की पाच रुग्णांच्या पाच पट्ट्या त्या बरणीत एकाच रंगात उभ्या असतात आणि त्यांच्यामध्ये भिंत नसते.

प्रयोगशाळा सरकारी असो वा खासगी, मागणीपत्रात सूक्ष्मदर्शकाला मानाचे पान असते. रंगवण्याची भांडी शेवटच्या पानावर, स्पिरिटचा दिवा, कापूस आणि काडेपेटी यांच्या शेजारी. ‘स्टेनिंग जार, नग वीस’ एवढ्यावर बहुधा भागते. कोणत्या रंगासाठी, कोणत्या नमुन्यासाठी, काचेची की प्लास्टिकची आणि कोणत्या प्लास्टिकची, हे क्वचितच लिहिलेले असते. मग सर्वांत कमी दर भरणाऱ्याकडून जे येईल ते गोड मानून घ्यायचे. घरात आपण असे वागत नाही. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात कोणी ताक ठेवत नाही. लोणचे चिनी मातीच्या नाहीतर काचेच्या बरणीत जाते, आणि त्या बरणीत ओला चमचा घालणाऱ्याची खैर नसते. भांडे ठरते ते आत काय जाणार आणि त्याचे पुढे काय होणार यावरून. हे माजघरातले शहाणपण प्रयोगशाळेच्या खरेदीत पोचलेले दिसत नाही. माझे म्हणणे असे, की रंगवण्याचे भांडे निवडताना किंमत, टिकाऊपणा, पट्ट्या किती मावतात हे सगळे मागाहून पाहावे. पहिला प्रश्न हा: या पट्टीवरून काय सुटू शकते, आणि ते शेजारच्या पट्टीवर जाऊन बसले तर कोणाला काय भोगावे लागेल?

याची खरी कसोटी क्षयरोगाच्या थुंकी तपासणीत लागते. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले आणि त्यानंतर थोड्याच काळात झील आणि नील्सन या दोघांच्या नावाने आजही ओळखली जाणारी रंगवण्याची पद्धत घडत गेली. बेडक्याचा पातळ थर पट्टीवर पसरायचा, वाळवायचा, ज्योतीवरून फिरवून पक्का करायचा. त्यावर कार्बॉल फुक्सिन ओतून खालून वाफ येईपर्यंत ऊब द्यायची, उकळू द्यायचे नाही, आणि पाच मिनिटे थांबायचे. मग २५ टक्के सल्फ्युरिक आम्लाने धुवायचे. बाकी सगळ्याचा रंग उतरतो, क्षयाच्या जंतूचा उतरत नाही. शेवटी मिथिलीन ब्लूचा हात फिरवला की निळ्या पार्श्वभूमीवर लालसर काड्या दिसू लागतात. त्या मोजायच्या. तेलातल्या भिंगाखाली १०० क्षेत्रे पाहून १ ते ९ जंतू दिसले तर ‘स्कँटी’, म्हणजे तुरळक; १० ते ९९ दिसले तर एक अधिक; प्रत्येक क्षेत्रातच दहाहून जास्त असतील तर तीन अधिक. या मोजपट्टीची खालची कड पाहा. शंभर क्षेत्रे डोळ्याखालून घातल्यावर दिसलेली एखादी लाल काडीसुद्धा इथे नोंदली जाते, आणि तिच्यामागे एका माणसाची सहा महिन्यांची औषधे उभी असतात.

थोडा ढोबळ हिशेब मांडू. थुंकीचा थर साधारण तीन सेंटिमीटर बाय दोन सेंटिमीटरचा असतो, म्हणजे ६०० चौरस मिलिमीटर. तेलातल्या भिंगातून दिसणारे गोल क्षेत्र सुमारे ०.२ मिलिमीटर व्यासाचे. त्याचे क्षेत्रफळ ०.०३ चौरस मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे एका थरात अशी वीसेक हजार क्षेत्रे होतात, आणि त्यांतली शंभर पाहणारा तंत्रज्ञ एकूण थराचा अर्धा टक्का पाहत असतो. तीन अधिकच्या पट्टीवर क्षेत्रागणिक दहा जंतू धरले तरी सगळे मिळून दोन लाख झाले. आता ही पट्टी आणि एका निरोगी माणसाची पट्टी एकाच बरणीत उभ्या केल्या असे समजा. दोन लाखांपैकी हजारात एक, म्हणजे फक्त २०० जंतू सुटून शेजारी चिकटले आणि तिथे सारखे पसरले, तर त्या निरोगी माणसाच्या शंभर क्षेत्रांत सरासरी एक लाल काडी दिसेल: तुरळक. शंभरात एक गेले तर थेट एक अधिक. सुटलेला प्रत्येक जंतू शेजारच्या पट्टीवर बसत नाही हे खरे. बरेचसे रंगातच राहतात. पण रंगात राहिलेले ते जंतू कुठे जातात? बरणी रिकामी झालेली नसते. त्याच रंगात दुपारच्या पाच पट्ट्या उतरणार असतात. म्हणूनच क्षयाच्या तपासणीसाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात बरण्या वापरू नका, पट्ट्या आडव्या ठेवून प्रत्येकीवर स्वतंत्र रंग ओता, असे सांगितलेले असते. सोवळे शब्दश: पाळायचे असेल तर ते इथे. तेलाच्या बाटलीची दांडीसुद्धा पट्टीला टेकवायची नाही, थेंब वरून सोडायचा. धुतलेल्या दोन पट्ट्या एकाच टिपकागदाने टिपायच्या नाहीत.

यावर जाणकारांकडून पहिला आक्षेप येतो तो असा: थर नीट वाळवून, नीट तापवून पक्का केला तर काहीच सुटत नाही, दोष बरणीचा नाही, हाताचा आहे. अर्धे खरे आहे. पातळ, सारख्या पसरलेल्या थरातून फार थोडे सुटते. पण बेडका ही काही प्रयोगशाळेत ढवळून तयार केलेली पेज नव्हे. त्यात चिकट गाठी असतात, पू असतो, कधी अन्नाचे कण असतात. जाड जागा वाळताना कडेने उचलल्या जातात आणि आम्लात, पाण्यात खपल्या होऊन सुटतात. आणि जंतू नेमके त्या पुवाळलेल्या, जाड भागातच दाट असतात. रोज नवा नमुना, पावसाळ्यात न वाळणारे थर, एका माणसावर दोघांचे काम, अशा परिस्थितीत ‘हात चांगला असेल तर’ या अटीवर पद्धत उभी करणे म्हणजे धरण बांधताना पाऊस बेताचा पडेल असे गृहीत धरण्यासारखे आहे. भांडे असे हवे, की हात थोडा चुकला तरी चूक त्या एका पट्टीपुरती राहील.

या चुकीचा आणखी एक वाईट गुण आहे, आणि माझ्या मते सगळ्या युक्तिवादात तो सर्वांत वजनदार. क्षयरोग कार्यक्रमात काही पट्ट्या पहिला निकाल झाकून पुन्हा तपासल्या जातात. पहिल्या तंत्रज्ञाच्या नजरेतून जंतू राहून गेले असतील, त्याने रंगाच्या खड्याला जंतू समजले असेल, तर ही फेरतपासणी ते पकडते. पण शेजारच्या पट्टीवरून आलेला जंतू हा खराच जंतू असतो. दुसरा तपासनीस बसवला, तिसरा बसवला, पट्टी पुन्हा रंगवली तरी तो तिथेच दिसणार, आणि प्रत्येक जण ‘बरोबर’ अशी खूण करून पट्टी पुढे सरकवणार. डोळ्यांची चूक दुसऱ्या डोळ्यांनी सापडते. भांड्याने केलेली चूक शिक्कामोर्तब होऊन बाहेर पडते. जी चूक नंतर सापडूच शकत नाही तिचा बंदोबस्त आधीच, भांडे निवडताना करावा लागतो.

दुसरा आक्षेप नव्या काळाचा. आता जनुकीय चाचणीची यंत्रे आली, राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमात निदानासाठी पहिली पसंती त्यांनाच आहे, मग थुंकीच्या पट्टीसाठी एवढा आटापिटा कशाला? यंत्रे आली ही आनंदाचीच गोष्ट. पण ती सगळीकडे नाहीत. असतात तिथेही काडतुसे संपतात, वीज जाते, आणि काम पुन्हा सूक्ष्मदर्शकावर येऊन पडते. शिवाय उपचार सुरू झाल्यावर औषध लागू पडते आहे का हे पाहायला ही चाचणी योग्य नाही, कारण मेलेल्या जंतूचा जनुकीय अंशही ती पकडते. तिथे पट्टीच लागते. दोन महिन्यांच्या उपचारानंतर एखाद्याच्या पट्टीवर शेजाऱ्याचे चार जंतू दिसले, तर औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाची शंका घेतली जाते, पुढच्या तपासण्या मागे लागतात, आणि औषधे इमानाने घेतलेल्या माणसाकडे ‘गोळ्या चुकवल्या असतील’ अशा नजरेने पाहिले जाते. पट्ट्यांची संख्या घटली म्हणून प्रत्येक पट्टीचे मोल घटलेले नाही.

तिसरा आक्षेप वेळेचा आणि पैशाचा, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. एका तंत्रज्ञाने दिवसाला पंचवीस पट्ट्या रंगवायच्या असतील तर बरणी त्याचा श्रम खरोखर वाचवते. मात्र बरणीला पर्याय म्हणजे एकेक पट्टी हातात धरून रंगवणे, असे कोणी समजू नये. बेसिनवर आडव्या ठेवलेल्या दोन समांतर दांड्या, एवढाच हा पर्याय आहे. त्यांवर दहा-बारा पट्ट्या एकमेकींत बोटभर अंतर ठेवून मांडायच्या, गाळलेला रंग प्रत्येकीवर पूर्ण थर झाकेल इतका ओतायचा, खालून दिवा फिरवायचा. वेळ बरणीइतकाच लागतो. स्टीलचे ताट आणि त्यावर आडव्या टाकलेल्या दोन काचेच्या कांड्या यांनीही हे काम उत्तम होते. त्यासाठी परदेशी बनावटीचे काही मागवायला नको. काटकसर इथे शत्रू नाहीच. रंग जास्त लागतो हे खरे, पण कार्बॉल फुक्सिन महागड्या रंगांत मोडत नाही, आणि बरणीतला रंग दिसतो तितका वाचतही नाही: प्रत्येक पट्टीबरोबर पाण्याचे थेंब आत जातात, रंग दिवसागणिक फिका होतो, आणि फिका रंग म्हणजे खरा जंतू न दिसणे. म्हणजे निरोग्याला रोगी ठरवण्याची आणि रोग्याला निरोगी ठरवण्याची, दोन्ही सोयी एकाच बरणीत. गरम न करता रंगवण्याची एक पद्धतही आहे. तीत दिवा लागत नसल्याने बरणीचा मोह अधिकच होतो. मोह समजू शकतो. नियम तोच राहतो.

एवढे वाचून बरणी हीच वाईट असे कोणाला वाटले, तर माझा मुद्दा उलटा पोचला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी जी पॅप तपासणी होते तिथे बरणीवाचून चालतच नाही. तिथला शत्रू हवा आहे. पेशींचा थर पट्टीवर ओढला की तो ओला असतानाच ९५ टक्के अल्कोहोलमध्ये बुडाला पाहिजे. काही क्षण उशीर झाला, पेशी वाळल्या, की त्यांच्या केंद्रकाचा बारीक तपशील जातो आणि मग पुढे कितीही चांगला रंग दिला तरी वाचणारा हात चोळत बसतो. म्हणून अल्कोहोल भरलेली झाकणाची उभी बरणी तपासणीच्या टेबलाशेजारी, हात पोचेल अशी हवी. रंगवण्याच्या खोलीत असून उपयोग नाही. या बरणीत पट्टी सोडण्यापूर्वी तिच्या दुधी टोकावर नाव पेन्सिलीनेच लिहायचे, कारण अल्कोहोल पेनाची शाई धुऊन टाकते आणि पट्टी निनावी होते. खाचा नसलेल्या बरणीत दोन पट्ट्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून दुधी टोकाला साधी कागद अडकवायची क्लिप लावण्याची जुनी युक्ती आहे. जी बरणी खाचांवर पैसे वाचवते तिची भरपाई ही क्लिप करते. प्रयोगशाळाशास्त्रात इतकी देखणी स्वस्त गोष्ट दुसरी क्वचितच असेल.

पण पॅपच्या बरणीतही शेजाराचा प्रश्न सुटत नाही, तो फक्त वेगळ्या रीतीने सोडवावा लागतो. पोटात किंवा छातीत साचलेल्या पाण्यात कर्करोगाच्या पेशी असतील तर त्या सुट्या तरंगणाऱ्या, पट्टीला ढिल्या चिकटलेल्या असतात. अशी पट्टी आणि एखाद्या स्त्रीची नेहमीची पॅप पट्टी पाठोपाठ एकाच रंगातून गेली, तर काय होऊ शकते ते सांगायला नको. अमेरिकेत प्रयोगशाळांसाठी १९८८चा जो कायदा आहे, त्याखालच्या नियमांत हे स्पष्ट लिहिलेले आहे: गर्भाशयमुखाचे आणि इतर पेशीनमुने यांची रंगवताना सरमिसळ होऊ नये म्हणून परिणामकारक उपाय हवेत, आणि ज्या नमुन्यांतून पेशी सुटण्याचा संभव जास्त ते वेगळे रंगवून त्यानंतर रंग गाळला किंवा बदलला पाहिजे. आपल्याला अमेरिकेचे सगळे उचलायचे नाही. पण रंगाच्या बरणीची बाब सरकारी नियमात लिहिण्याच्या योग्यतेची असते, एवढे तरी त्यातून कळते. ऊतींचे काप हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिनने रंगवताना वीस-वीस पट्ट्यांच्या जाळ्या मोठ्या पात्रांत एकामागून एक उतरवतात. तिथेही एका रुग्णाचा तरंगता तुकडा दुसऱ्याच्या पट्टीवर सापडतो. फरक असा, की तिथे वाचणाऱ्याला तो बहुधा ओळखू येतो: आजूबाजूच्या ऊतीशी त्याचे नाते नसते, तो वेगळ्या पातळीवर बसलेला दिसतो, आणि शंका आली तर मूळ मेणाच्या ठोकळ्यातून नवा काप काढता येतो. ओळखता येण्यासारखी आणि दुरुस्त करता येण्यासारखी चूक असेल तर सामाईक पात्र चालेल. क्षयाच्या एकट्या काडीला असे कुळगोत्र नसते.

हिवतापाची पट्टी या दोन्हींच्या मधली. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात, जिथे महाराष्ट्रातल्या हिवतापाचा मोठा वाटा असतो, तिथे सर्वेक्षणातून रक्तनमुन्यांचे गठ्ठे येतात, आणि एकेक पट्टी आडवी मांडून रंगवा म्हणणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे ठरेल. आपल्याकडे त्यासाठी जेएसबी रंग रूढ आहे. जसवंत सिंग आणि भट्टाचार्जी यांनी तो १९४४ मध्ये मांडला. इओसिनमध्ये क्षणभर, पाण्यात, मग निळ्या रंगात अर्धा-पाऊण मिनिट, पुन्हा पाण्यात, असा बुडवत न्यायचा तो रंग असल्याने बरणी त्याच्या स्वभावालाच धरून आहे. तरी इथेही भांड्याने घात करण्याच्या जागा आहेत. एकाच पट्टीवर रक्ताचा जाड ठिपका आणि पातळ थर असे दोन्ही असतात. पातळ थर मिथेनॉलने पक्का करायचा असतो, जाड ठिपका मुळीच करायचा नसतो, कारण त्यातले हिमोग्लोबिन विरघळून गेले तरच परजीवी दिसतो. मिथेनॉलने काठोकाठ भरलेल्या बरणीत पट्टी सोडली की ठिपका बुडाला. आणि अर्धी भरलेली बरणी झाकून ठेवली तर मिथेनॉलची वाफसुद्धा ठिपक्याला बाधते. एरवी झाकण म्हणजे बरणीचा सद्गुण, इथे तोच दुर्गुण. या पायरीला उथळ भांडे हवे. जिम्सा रंग वापरत असाल तर आणखी एक गोष्ट: त्याच्या पृष्ठभागावर धातूसारखी चकाकणारी साय धरते. पट्टी सरळ वर ओढली की ती साय थरावर लेपली जाते. पात्रात हलकेच पाणी सोडून साय आधी वाहून जाऊ द्यावी लागते, म्हणजे पात्र तसे ओसंडू देता येईल असे आणि तशा जागी ठेवलेले हवे. तयार केलेला पातळ जिम्सा त्याच दिवसापुरता असतो. मोठी बरणी घेतली तर संध्याकाळी उरलेला ओतून द्यायला जीव होत नाही, आणि शिळा रंग दुसऱ्या दिवशी वापरला जातो. म्हणून इथे बरणी वापरावी, पण लहान.

भांडे कशाचे असावे हा प्रश्न इथवर मी मुद्दाम मागे ठेवला, कारण खरेदीतली चर्चा झालीच तर ती याच प्रश्नावर होते: काच फुटते, प्लास्टिक टिकते. पण प्लास्टिक हे एका पदार्थाचे नाव नाही. पॉलिस्टायरिनची पारदर्शक, सुबक बरणी दिसायला काचेसारखी असते. तीत झायलीन हे द्रावक ओतले की ती धुरकटते, तडकते, विरघळू लागते. पॉलिप्रॉपिलीन दुधी, दिसायला सामान्य, पण अल्कोहोल आणि आम्ल सहन करते आणि १२१ अंशांच्या ऑटोक्लेव्हमध्येही तग धरते. झायलीनमध्ये मात्र कायमचे मुक्कामाला ठेवू नये, फुगते. अ‍ॅसिटल नावाचे प्लास्टिक झायलीनला पुरून उरते, पण तीव्र आम्लापुढे हात टेकते. सगळ्यांना पुरून उरणारी काच, पण तीही एक नव्हे: साधी सोडा काच गरम पाण्यात एकदम उतरवली की तडा जातो, बोरोसिलिकेट तो धक्का सोसते. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसने महाराष्ट्राला ग्रासले तेव्हा ऊतींत बुरशी शोधायला चांदीचा रंग वापरावा लागत होता. त्या रंगाची बरणी डोळ्यांना स्वच्छ दिसून भागत नाही, रासायनिकदृष्ट्या स्वच्छ लागते, आणि पट्टी उचलायला धातूचा चिमटा चालत नाही. जिथे धातू लागेल तिथे चांदी बसते आणि बुरशीसारखे काळे ठिपके नको तिथे उमटतात. अशा रंगाची बरणी दुसऱ्या कशालाही वापरायची नसते. ‘स्टेनिंग जार, नग वीस’ या ओळीत यातले काय मावते?

आकाराबद्दल थोडक्यात. मोठे पात्र म्हणजे मोठी बचत, हा समज चुकीचा आहे. पाच पट्ट्यांना पन्नास मिलिलिटर पुरत असतील तर पाच पट्ट्यांसाठी अडीचशेचे पात्र भरणे म्हणजे रंग विकत घेऊन ओतून देणे, आणि ओतून तरी कुठे देणार? जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६च्या नियमांनुसार रसायनांचे सांडपाणी वेगळे गोळा करून, त्यावर प्रक्रिया करूनच सोडायचे असते. जेवढे भांडे मोठे तेवढी ही डोकेदुखी मोठी. उलट रोज दोनशे काप रंगवणाऱ्या रुग्णालयाने कॉपलिनच्या बरण्यांची रांग लावणे हेही हास्यास्पदच. आणि शाळा-महाविद्यालयात कांद्याचा पापुद्रा सॅफ्रॅनिनमध्ये बुडवायला वॉच ग्लास पुरते. तिथे सुटून जाण्यासारखा जंतू नाही आणि भोगणारा रुग्णही नाही, तेव्हा तिथे स्वस्तात स्वस्त तेच योग्य.

राहता राहिला एक शेवटचा आक्षेप, तो प्रशासनाचा: इतक्या बारकाव्यांत खरेदी अधिकारी शिरला तर निविदा कधी निघायच्या? बारकाव्यांत त्याने शिरूच नये. ते ज्याला ठाऊक आहेत तो तंत्रज्ञ त्याच इमारतीत, बहुधा तळमजल्यावरच्या खोलीत, रोज बेसिनपाशी उभा असतो. त्याने मागणीपत्रात एका नगासमोर चार गोष्टी लिहिल्या की पुरे: नमुना कोणता, रंग कोणता, द्रावक कोणता, एका वेळी पट्ट्या किती. एवढे लिहिले की कमीत कमी दराची अट लावायलाही हरकत नाही, कारण मग दर योग्य भांड्याचाच भरला जाईल. मागणीपत्रावर सही करणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना माझी विनंती एकच आहे. पुढच्या वेळी यादी समोर येईल तेव्हा शेवटचे पान उलटून पाहा. थुंकीच्या पट्ट्यांसाठी बरण्या मागवलेल्या असतील तर ते कलम खोडा, आणि त्या जागी बेसिनच्या मापाच्या दोन दांड्या आणि रंग गाळायला गाळणकागद लिहा.